मामांचा जेरंड

जेरंड म्हणजे काय हे ठाऊक नाही म्हणून आमच्या भागात कुणा मुलीचं लग्न अडल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. पण आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात मला पाहायला सेलूहून जी मंडळी आली, त्यांना सून हवी होती ती व्याकरणशुद्ध. मुलगा हिंगणघाटच्या कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक. सोबत त्याचे मामा, कचेरीतून निवृत्त झालेले बडे बाबू. साहेबाचं इंग्रजी जिल्ह्यात आता आपल्यापुरतंच उरलं आहे, असं त्यांचं स्वतःबद्दलचं नम्र मत होतं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय इंग्रजीच. मुलगा मला ऐकूनच आवडला होता, ते कशाला लपवू? पुस्तकांवर बोलणारा नवरा मिळेल या कल्पनेनं मी दोन दिवस हवेत होते. नालवाडीच्या आमच्या घरात सतरंजी अंथरली गेली, आणि आईनं बजावलं, "मान खाली ठेवजो, अन् विचारलं तेवढंच सांगजो."

बाकीचे पाहुणे स्वयंपाक विचारतात, शिवण विचारतात. मामांनी पोह्यांचा घास गिळला आणि विचारलं, "जेरंड मंजे काय?"

मी सांगितलं. क्रियापदाला आयएनजी लागून ते नामासारखं वागायला लागलं की त्याला जेरंड म्हणायचं. 'रीडिंग इज गुड', वाचणं चांगलं, यातलं ते वाचणं. शब्द लॅटिनवरून आला, आणि मुळात त्याचा अर्थ करायचं काम, असाच काहीसा.

"अन् 'शी इज रीडिंग'?"

"तो जेरंड नाही. ती वाचते आहे, तिथं ते क्रियापदच."

मामा असे हसले की ताटलीतली शेव उडाली. "आयएनजी दिसला का जेरंड! साहेबानं शिकवलं मले. आजकालच्या कॉलेजात काय शिकवून राह्यले कोण जाणे."

मी प्राध्यापकांकडे पाहिलं. ते पोह्यांतले शेंगदाणे वेचत होते, आणि त्या कामात त्यांची विद्वत्ता पणाला लागलेली दिसत होती. मग सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा शेतकरी, इंग्रजीशी त्यांचा संबंध खताच्या पोत्यावरच्या अक्षरांपुरता. पण वरपक्षानं काहीही म्हटलं तरी मुलीच्या बापानं मान डोलवायची, ही आमच्याकडची रीत. ते हात जोडून म्हणाले, "चुकली पोरगी, मामाजी. शिकून राह्यली अजून."

मला ते फार लागलं. रडू येत होतं, पण पाहुण्यांसमोर रडायचीही रीत नाही.

निघताना ओसरीवर चपला घालता घालता प्राध्यापक हळूच मला म्हणाले, "तुमचंच बरोबर होतं." मामा तोवर फाटकाबाहेर पोचले होते, हे आधी नीट पाहून घेतलं होतं त्यांनी.

चार-आठ दिवसांत मध्यस्थ निरोप घेऊन आला. मुलगी पसंत, व्याकरण मामा सुधारून घेतील! आईनं देवापुढे साखर ठेवली. मी म्हटलं, मला नाही करायचं.

"काऊन?" बाबा चिडले. "प्राध्यापक हाय, बिडी नाई, दारू नाई. अन् तुह्यं बरोबर होतं मनून त्यानं कबूल केलं, असं तूच सांगतलं ना?"

"मले सांगतलं, बाबा. मामाले नाई."

बाबांनी खुंटीवरची टोपी काढली. मग म्हणाले, "त्याले निदान येत तरी होतं. मले तर येतबी नाई, अन् मी तुले चूक म्हटलं."

नकार मध्यस्थाकरवी कळवायचा असतो. बाबा टोपी घालून स्वतः सेलूला गेले, आणि मामांच्याच बैठकीत, चारचौघांसमोर, माझ्या पोरीचं बरोबर होतं असं सांगून आले.