मालकांचा ओव्हरड्राइव्ह

मालक पायी चालत असले तरी त्यांचा उजवा हात गाडी चालवत असे. चावडीचा चढ लागला की तो हात मांडीजवळ येऊन हवेतल्या हवेत गिअर उतरवी, आणि सपाटी आली की पुन्हा चढवी. त्यांच्या जीपचं स्टिअरिंग डावीकडे होतं, म्हणून गिअरचं काम उजव्या हाताकडे. गावातली टवाळ मंडळी त्यांच्या मागून तोंडाने इंजिनाचा आवाज काढत. मालक रागावत नसत. आवाज चुकीच्या गिअरचा असला तरच मागे वळून म्हणत, "अरे, चढावर दुसरा टाक."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "जोर हाय, धाव न्हाई." मुळात ते जीपबद्दल होतं, पण पुढे त्यांनी ते सगळ्या जगाला लावलं. बैल, जावई, तहसीलदार, कुणी सुटलं नाही. मी वालूरच्या शाळेत मास्तर होतो. मलाही रस्त्यात थांबवून सांगत, "गुरुजी, तुमच्या शाळंला जोर हाय, धाव न्हाई." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एक माप हाती लागलं की त्यानेच सगळी दुनिया मोजतात, आणि स्वतःला मोजायची वेळ आली की माप खिशात घालतात.

पोलीस ॲक्शननंतर लष्कराच्या लिलावात त्यांनी ती जीप घेतली होती. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात बैलगाड्या आसापर्यंत रुतत, तेव्हा जीप चारी चाकं फिरवत घोंघावत निघून जाई. पण तिचा खरा गुण तिच्या पाठीशी होता. मागच्या बाजूला एक लोखंडी पुली होती, इंजिनाच्या जोरावर फिरणारी. तिला पट्टा चढवला की जीप जागच्या जागी उभी राहून पाण्याचा पंप ओढी.

बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या विहिरींनी तळ दाखवला. पाणी उरलं ते मालकांच्या मळ्यातल्या विहिरीत. मळा आमच्या बौद्धवाड्याला लागून होता, पण त्या विहिरीला आमचा दोर लागत नव्हता. धर्म बदलून आम्हाला सोळा वर्षं झाली होती. विहिरीला ते अजून कुणी कळवलं नव्हतं. मालकांनी त्यावर तोड काढली. रोज सकाळी ते जीप विहिरीवर उभी करत, पट्टा चढवत, आणि पंपाचं पाणी बांधाबाहेरच्या हौदात सोडत. आमच्या बायका हौदातून घागरी भरत. दोर नाही, शिवाशिव नाही, बोलाचाल नाही. त्यांचे उपकार होतेच, पण त्या उपकाराला कुंपणही होतं.

माझी आत्या मालकांना दुवा देई. तिनेच मला लहानाचं मोठं केलं, शिकवलं. मी कुरकुर केली की म्हणे, "बाबा, पाणी तर द्यायलाय ना माणूस? त्याच्या मनाचं त्याला ठाऊक." तिला गुडघ्यांचा त्रास होता. हौद जवळ होता आणि वाकायला सोपा होता, तिच्या लेखी एवढं पुष्कळ होतं.

मग मालकांच्या डोक्यात जिल्हा परिषदेच्या तिकिटाचं भूत शिरलं. परभणीला पुढाऱ्यांची बैठक होती. मालक पहाटेच निघाले, पण मानवतच्या पुढे डांबरी लागल्यावर जीप ओरडून ओरडून थकली आणि मागून निघालेल्या मोटारी धूळ उडवत पुढे गेल्या. मालक पोचले तेव्हा बैठक उठली होती. कुणीतरी विचारलं, "काय मालक, गाडीला बैल कुठले, घरचेच का?" सगळे हसले. ते हसणं मालकांनी वालूरला आणलं आणि उराशी धरून ठेवलं.

परभणीच्या एका मिस्त्रीकडे तेव्हा ओव्हरड्राइव्ह आला होता. हैद्राबादला कुणा परदेशी पाहुण्यांची जीप लिलावात निघाली, तिचा हा भाग. ओव्हरड्राइव्ह म्हणजे मूळच्या तीन गिअरांवर आणखी एक वाढीव गिअर. तो टाकला की त्याच वेगाला इंजिनाला कमी फिरावं लागतं, म्हणून गाडी फारशी न ओरडता पळते. मालक मला सोबत घेऊन गेले. मिस्त्रीने तो डबा हातात खेळवला आणि म्हणाला, "बैठा देतूं मालक, मक्खन जैसी चलती. पण एक बात है. उसकी जगह और पुली की जगह एकीच है. ये बैठा तो वो निकली."

परतताना मालकांचा हात स्टिअरिंगवर होता आणि मन त्या डब्यात. त्यांनी विचारलं, "गुरुजी, काय करावं? घ्यावं का?"

"मालक, आपल्याकडं डांबर कुठंय? मानवतपर्यंत सगळी खडी न् खड्डे. तिथं हा गिअर टाकताच येत न्हाई."

"रस्ता हुईल की. आधी गाडी तयार पाहिजे."

"न् हौद?"

पुढे खड्डा आला, मालकांनी गिअर उतरवला.

गावात महिनाभर हाच विषय. हॉटेलात चहावर दोन पक्ष पडले. एक म्हणे, जुन्या गाडीला नवी धाव देऊन उपयोग काय, ब्रेक तर जुनेच. दुसरा म्हणे, मालक मेंबर झाले तर गावाला नळ येईल, तोवर चालतंय. पाणी भरणाऱ्या बायकांना कुणी विचारलं नाही. त्या हॉटेलात येत नसत.

पुली निघाली, ओव्हरड्राइव्ह बसला. गिअरांच्या शेजारी एक नवी छोटी दांडी आली, तिला मालकांनी लाल गोंडा बांधला. आणि हौद कोरडा पडू नये म्हणून त्यांनी जो उपाय काढला, त्याची गावात अजून वाखाणणी होते. चावडीपुढे माणसं जमवून त्यांनी जाहीर केलं, "आजपासून बौद्धवाड्यानं माझ्या विहिरीला दोर लावावा. माझी हरकत न्हाई." टाळ्या पडल्या. परभणीहून आलेल्या एका पुढाऱ्याने समतेवर भाषण ठोकलं आणि मालकांच्या गळ्यात हार घातला. मी तिथेच उभा होतो. जो हक्क आमच्या बापजाद्यांना मागून मिळाला नाही, तो एका गिअरपायी मिळाला. आनंद मानावा की थुंकावं, मला कळेना.

ती विहीर मोटेची होती, खोल आणि बिनकठड्याची. दोर ओढायला मोटेच्या जुन्या दगडावर उभं राहावं लागे. तो दगड हलतो हे सगळ्यांना माहीत होतं. मालकांना मी दोनदा सांगितलं. "तिकीट जाहीर होऊ द्या गुरुजी, कठडाच बांधतो," ते म्हणाले. जीप तोवर रोज परभणीला जायला लागली होती.

आत्या तिथूनच पडली. दगड हलला आणि घागर, दोर आणि आत्या सगळं खाली गेलं. पाणी कमी होतं, तळाला खडक होता. गड्यांनी विहिरीत बाज सोडून तिला वर काढलं तेव्हा ती जिवंत होती. माझं नाव घेत होती.

मालक जीप घेऊन लगेच आले, हे मी नाकारणार नाही. आत्याला मागे निजवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मानवतपर्यंत जीप अशी आपटत आली की मी दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून ठेवलं होतं. इंजिनाच्या घरघरीत ती काय बोलत होती ते मला ऐकूच येत नव्हतं.

मग डांबरी लागली. मालकांनी लाल गोंड्याची दांडी ओढली. इंजिनाचा आवाज एकदम उतरला आणि जीप पळायला लागली. मालक पुढे बघतच म्हणाले, "बघा गुरुजी, कशी निघालीय. आवाज हाय का?"

आवाज नव्हता, हे खरंच. म्हणून मला आत्याचा श्वास ऐकू आला. घशात अडकत, थांबत, पुन्हा सुरू होत तो चालला होता. थोडा वेळ मी तो ऐकत राहिलो. मग तो ऐकू येईना. मी वाकून कान तिच्या तोंडाशी नेला.

"मालक," मी म्हणालो, "आता सावकाश चला."

त्यांनी आरशातही पाहिलं नाही. फक्त त्यांचा उजवा हात दांडीवर गेला आणि ओव्हरड्राइव्ह काढला. इंजिन पुन्हा ओरडायला लागलं.

तिकीट दुसऱ्यालाच मिळालं. मालकांनी मिस्त्रीकडून पुली परत बसवून आणली, लाल गोंडा सोडून टाकला. एका सकाळी पूर्वीसारखी जीप विहिरीवर आली, पट्टा चढला, हौद भरला. त्याआधीच आमच्या बायकांनी विहिरीभोवती दगड रचले होते. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून आलेल्या बायका संध्याकाळी ते दगड वाहत. कमरेइतका कठडा झाला होता. आत्याची सून, माझी वहिनी, त्याला टेकून दोर ओढत होती.

"बाई, हौद भरलाय," मालक म्हणाले. "दोर कशाला ओढायलीस?"

"दोर लावायला तुमीच सांगितलं, मालक."

"तवा पुली नव्हती. आता हाय."

वहिनीने घागर वर घेतली, कठड्यावर ठेवली, मग म्हणाली, "असू द्या. आमची म्हातारी गेली तो दोर हाय. आता न्हाई निघायचा."

मालक दुपारपर्यंत जीपच्या टपावर हात ठेवून उभे होते. हौदावर कुणी गेलं नाही. संध्याकाळी गुरं येऊन पाणी पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी मालक आले, तिसऱ्या दिवशी आले, मग यायचे बंद झाले.

त्यानंतर ते चालताना उजवा हात पाठीमागे धरत, डाव्या हाताने मनगट पकडून. चावडीच्या चढावर तो हात सुटायला बघे, ते पुन्हा आवळून धरत. "जोर हाय, धाव न्हाई" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. मी त्यांना माफ केलं का, असं लोक विचारतात. नाही केलं. पण ते समोरून हात पाठीमागे धरून येताना दिसले की मीच वाट बदलत असे.

काही वर्षांनी मालक वारले. त्यांना जीपमधून न्यावं असं मुलाच्या मनात होतं, पण ती सुरूच झाली नाही. म्हणून खांद्यावरून नेलं, मळ्याच्या वाटेने, विहिरीवरून. बायका पाणी काढत होत्या. तिरडी जवळ आली तशी वहिनीने दोर हाताला वेढून घागर अधांतरी धरून ठेवली, बाकीच्याही थांबल्या. तिरडी बांधापलीकडे गेली. वहिनीने हातावरचा वेढा सोडला आणि घागर वर ओढायला लागली.