गरम झालेली बाटली

क्रांती चौकाजवळच्या लॅबमध्ये माझ्या रक्तातली साखर नेहमी एकच टेक्निशियन तपासतो. सुई टोचताना छताकडं बघतो आणि आकडा वाढलेला दिसला की पेशंटच्या आधी स्वतःच उसासा टाकतो. एकदा मी म्हणाले, मशीन चुकलं असेल. तो शांतपणे म्हणाला, "यीस्टपासून काढलेलं एन्झाइम हाय ताई. ते साखरेला धरतं, तेवढंच मशीन वाचतं. गरम झालं की एन्झाइम मरतं, मग साखर कमी दिसती. जास्त कधीच नाय."

काल त्याची लेक बाकावर बसून घटाघटा पाणी पीत होती. बाहेर थंडी होती. फ्रॉक तिच्या खांद्यावरून उतरत होता. तिच्या रक्ताचा आकडा बघून त्यानं उसासा टाकला नाही. एन्झाइमची भरली बाटली बेसिनमध्ये ओतली, फ्रीजमधून नवी काढली आणि पुन्हा तपासलं. मग तीही ओतली.

"रात्री लाइट गेली होती," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "बाटल्या गरम झाल्या असतील. म्हणून जास्त दाखवतंय."

"तसंच असेल," मी म्हणाले.

बाकावरून लेक म्हणाली, "पप्पा, अजून पाणी."