पुढच्या रांगेतलं डोकं

गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे उस्ताद म्हणायचे, आणि हे नाव काही गाण्यामुळे पडलं नव्हतं, गाणं ऐकायला परदेशी जाण्यामुळे पडलं होतं. दिवसभर लोकांच्या दाढ्या करणारा माणूस दरवर्षी दुकानाला कुलूप लावतो, बायकोला घेऊन विमानात बसतो आणि कुठल्या कुठे संगीत महोत्सवाला जातो म्हटल्यावर गल्लीने तरी काय करायचं? नाव ठेवलं. आधी चेष्टेत ठेवलं, मग हळूहळू लोक खरंच मानाने म्हणायला लागले, आणि पंचाईत सुरू झाली ती तिथून.

कारण उस्तादांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बरं, न कळणं परवडलं, अर्ध्या जगाला कळत नाही. उस्तादांपर्यंत गाणं पोचायचंच नाही. कान ठणठणीत होते. पण सभागृहातले दिवे मंद झाले, हात मांडीवर घेऊन मुकाट बसायची वेळ आली, की त्यांची नजर थेट पुढच्या रांगेतल्या डोक्यांवर जायची. कुणाच्या मानेवर मशीन वाकडं फिरलंय, कुणाचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा खाली आलाय, कुणी घरच्या घरी आरशात बघून स्वतःच कापून घेतलेत. समोर तो एवढा वाद्यवृंद जीव तोडून वाजवतोय आणि हे मनातल्या मनात एका अनोळखी माणसाच्या टाळूवरचा भोवरा बसवतायत. टाळ्यांचा कडकडाट झाला की दचकायचे आणि मग चार टाळ्या जास्तच वाजवायचे.

त्यांच्या आठवणीही तशाच. नदीकाठची ती मैफल म्हटली की त्यांना कोण गायलं ते आठवायचं नाही, पुढे बसलेली बाई आठवायची, जिच्या केसांना रंग लावणाऱ्याने मुळांशी हात आखडता घेतला होता. खुर्चीतलं गिऱ्हाईक विचारायचं, यंदा कसं काय झालं? उस्ताद वस्तरा पुसत सांगायचे, की तिकडे फार घाईत उरकतात, निगुतीने काम करणारा एखादाच. गिऱ्हाईक साबणासकट मान डोलवायचं. त्याला वाटायचं, गायकांबद्दल बोलतायत.

मग जायचं कशाला? तर वहिनींसाठी. वहिनी म्हणजे उस्तादांची बायको. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. गाण्याचं वेड खरं त्यांना. पूर्वी त्या आपल्या थोरल्या भावाबरोबर महोत्सवांना जायच्या. दोघं बहीणभाऊ जाताना भांडत जायचे, येताना भांडत यायचे, आणि परत आल्यावर महिनाभर फोनवर भांडायचे, की अमकीने तमक्या जागी दम घेतला तो बरोबर की चूक. मग भाऊ गेला. वहिनींनी महोत्सव सोडले. स्वयंपाकघरातला रेडिओसुद्धा लावेनाशा झाल्या. घरात नुसता भांड्यांचा आवाज. ते काही उस्तादांना बघवेना. एक दिवस जेवता जेवता त्यांनी सरळ ठोकून दिलं, की गाण्याची आवड मलाही पहिल्यापासून आहे, कधी बोललो नाही इतकंच, यंदा आपण दोघं जाऊ. वहिनी वाढायचा चमचा हातात धरून बघत राहिल्या. पण त्या रात्री भांडी घासताना त्या गुणगुणल्या, आणि उस्ताद फसले ते कायमचे.

आता थाप एकदा मारली की ती पोसावी लागते. ही तर विमानाने न्यावी-आणावी लागत होती. ती उघडी पडली तर काय होईल, हे उस्ताद पक्कं ओळखून होते. राग, अबोला, तेवढं चाललं असतं. पण वहिनी ही अशी बाई, की घरात एकटी असली तर स्वतःपुरता पंखासुद्धा लावायची नाही. नवरा नुसता आपल्यासाठी कळ काढून बसतो एवढं कळायचा अवकाश, त्या पुन्हा कुठल्या महोत्सवाचं नाव काढणार नव्हत्या, आणि घर परत मुकं झालं असतं. या एका गोष्टीची उस्तादांना मनापासून भीती वाटायची.

म्हणून त्यांनी अभिप्राय तयार ठेवले होते. सुरुवात झकास झाली. मधे जरा रेंगाळलं. शेवट मात्र साधला. एवढ्यावर माणूस कुठल्याही मैफलीतून सहीसलामत बाहेर पडतो. वहिनी कधीकधी "अगदी खरं" म्हणायच्या, तेव्हा तर उस्तादांना शंका यायची, की आपल्याला थोडंफार कळायला लागलं की काय.

यंदाचा मामला मोठा होता. वहिनी लहानपणापासून जिच्या तबकड्या ऐकत आल्या ती गायिका, आता वय झालेली, गाणं जवळजवळ सोडलेली, यंदा महोत्सवात गाणार होती. एकदा सभागृहात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत, निरोपाचं म्हणून थोडंसं. वहिनींना महिनाभर आधीपासून जेवण जाईना.

विमानतळावर नेहमीप्रमाणे उस्तादांच्या पिशवीत कात्री सापडली. दरवर्षी सापडते. मी ठेवलेली नाही, ती आपली आपण येते, असं ते दरवर्षी तिथल्या अधिकाऱ्याला समजावतात, आणि दरवर्षी त्याला ते पटत नाही. कात्री गेली, कंगवा तेवढा खिशात राहिला.

सभागृह खच्चून भरलं होतं. दिवे मंद झाले. गायिका काठी टेकत आली, खुर्चीत बसली, आणि तिने इतक्या हळू आवाजात सुरुवात केली की लोकांनी श्वास रोखून धरले. वहिनी पुढे झुकून ऐकत होत्या. उस्तादांच्या बरोबर समोर एक डोकं होतं.

काय सांगावं त्या डोक्याबद्दल! माणूस भारदस्त, कोट उंची, आणि मानेवर उजवीकडे केसांचा एक पुंजका तसाच्या तसा. कापणाऱ्याने डावी बाजू नीट उरकली होती, मग बहुतेक त्याला कुणीतरी हाक मारली आणि गडी विसरला. उस्तादांनी नजर छताकडे नेली. ती परत आली. त्यांनी गायिकेकडे बघितलं, तर मधे पुंजका. डोळे मिटून घेतले, तर तो आतून दिसायला लागला.

पुढचं उस्तादांनी केलं नाही, त्यांच्या हाताने केलं. उजवा हात उठला, दोन बोटं त्या गृहस्थाच्या टाळूवर टेकली आणि डोकं हलकेच पुढे दाबलं. आणि गंमत बघा, त्या गृहस्थाने मान खाली घातली! जगाच्या पाठीवर कुठेही जा, टाळूवर अशी दोन बोटं टेकली की माणूस मान खाली घालतो, का म्हणून विचारत नाही. मग बोटांनी डोकं जरासं डावीकडे कलतं केलं. तो कलला. उस्तादांनी पुंजका अंगठ्याने उचलून पारखला आणि दुकानात विचारतात तसं, चांगलं खणखणीत आवाजात विचारलं, "बारीक करू?"

गृहस्थ ताडकन उभा राहिला. मागचे उभे राहिले, काय झालं ते बघायला. वर गायिका थांबली, आणि तिने डोळ्यांवर हात धरून खाली पाहिलं. उस्तादांची दातखीळ बसली. हात मात्र अजून हवेत, अंगठा आणि बोट तसंच जुळलेलं. दाराशी उभा असलेला गणवेशातला माणूस आला आणि अत्यंत अदबीने त्यांना बाहेर घेऊन गेला. वहिनींना कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. तरी त्या उठून मागोमाग आल्या. दार बंद झालं आणि आत गाणं पुन्हा सुरू झालं, बाहेर नुसती कुजबुज ऐकू यावी इतपत.

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. वहिनींनी डोक्याचा विषयच काढला नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, की ती आत काय गात होती. उस्ताद म्हणाले, सुरुवात झकास होती. वहिनी बघत राहिल्या. उस्ताद म्हणाले, मधे जरा रेंगाळलं. वहिनी म्हणाल्या, की ती अजून मध्यापर्यंत पोचलीच नव्हती.

झालं. एवढ्यावर उस्तादांचा धीर सुटला आणि त्यांनी सगळं ओकून टाकलं. आवड नव्हती, कधीच नव्हती, डोकी बघत होतो, पार पहिल्या वर्षापासून. तू गुणगुणावंस म्हणून थाप मारली. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी एकटीच ऐकत होते."

खोलीवर आल्यावर वहिनींनी सांगितलं, की उद्या बागेत जायचं नाही, आणि यापुढे कुठेच जायचं नाही. त्या रागाने बोलल्या असत्या तर उस्तादांनी मनधरणी केली असती. त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, म्हणून ते घाबरले.

सकाळी वहिनी बॅग भरून आरशापुढे केस विंचरायला बसल्या. उस्ताद घरी बायकोच्या केसांना कधी हात लावत नसत. दिवसभर तेच, घरी आणखी ते नको, असा त्यांचा कायदा होता. पण वहिनींचा राग उतरला होता तो केसांवर. एक गुंता त्या अशा ओढत होत्या, की उस्तादांना ते पाहवेना. त्यांनी खिशातला कंगवा काढला, मागे उभे राहिले आणि खालून, टोकाकडून, गुंता सोडवायला घेतला. वहिनींनी अडवलं नाही. त्या आरशाशी बोलावं तसं बोलायला लागल्या. ती पहिली तबकडी भावाने आणली तेव्हा घरात वाजवायला यंत्रच नव्हतं. मग दोघं शेजारच्या शिंपीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, लावा, पण माझं काम थांबणार नाही. तबकडी लागली, आणि थोड्या वेळाने शिलाई मशीनचा आवाज बंद झाला. शिंपीणबाई हातात कापड धरून रडत होत्या. भाऊ खिडकीबाहेर बघत होता, म्हणजे तोही रडत होता. बोलता बोलता वहिनी एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, की तुम्हाला सांगून काय उपयोग, तुमच्या कानात काही शिरतच नाही.

"शिंपीणबाई का रडत होत्या, ते राहिलं सांगायचं," उस्ताद म्हणाले.

वहिनींनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खोदून विचारलं, तर उस्तादांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, यंत्र, कापड, खिडकी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. दुकानातही त्यांना प्रत्येकाच्या घरातलं सगळं तोंडपाठ असतं, कुणाची सासू रुसली, कुणाचा मुलगा कशात नापास झाला. वहिनींनी विचारलं, मग सभागृहातच काय धाड भरते? उस्ताद कंगवा धरून विचारात पडले. त्यांनी हे स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"हात चालू असला की मला ऐकू येतं," ते म्हणाले. "तिथे तुम्ही लोक हात मांडीवर ठेवून बसता."

वहिनींनी आरशातून त्यांच्या हातातल्या कंगव्याकडे पाहिलं. मग अर्धे विंचरलेले केस तसेच मोकळे टाकून त्या उठल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "कंगवा घ्या."

बागेत खुर्च्या नव्हत्या, लोक गवतावर बसले होते. वहिनी बसल्या आणि उस्तादांना त्यांनी आपल्या मागे बसवलं. कालचा गृहस्थही आला होता. त्याने उस्तादांना पाहिलं, डोक्यावरची हॅट दोन्ही हातांनी कानांपर्यंत खाली ओढली आणि तो पार पलीकडच्या झाडाखाली जाऊन बसला. आजूबाजूचे लोक टकमक बघायला लागले. परदेशातून आलेला माणूस, संगीत महोत्सवात, भर सकाळी, बायकोचे केस विंचरतोय! बघू देत. वहिनींना आज कुणाची पर्वा नव्हती.

गायिकेने गायला सुरुवात केली. उस्तादांनी भांग पाडला, केस तीन भागांत घेतले. आणि गाणं आलं. खरंच आलं, दुकानात गिऱ्हाईक बोलतं तसं, सरळ कानात. आवाज म्हातारा होता, थोडा फाटलेला. त्या बाईचं काहीतरी फार पूर्वी हरवलेलं असावं आणि ती ते न रागावता सांगत असावी, असं उस्तादांना वाटलं. शब्द परके होते, त्याने काही अडलं नाही. एका जागी आवाज वर गेला आणि तिथेच अडकला. उस्तादांचे हात वेणीत थांबले. आता काय होतं, असं त्यांना झालं. आवाज सुटला, खाली आला, आणि हातही पुढे निघाले.

वहिनींना ते केसांत कळलं. त्यांनी मागे पाहिलं नव्हतं, उस्ताद काही बोलले नव्हते; पण नेमक्या त्या जागी हात थांबले होते, आणि नेमके तिथूनच निघाले होते. पुढे आणखी एकदा तसंच झालं. मग पुन्हा एकदा. वहिनींनी पदर तोंडाशी धरला.

टाळ्या सुरू झाल्या. लोक उठून उभे राहिले. उस्ताद बसूनच होते, दोन्ही हातांत अर्धी वेणी धरून.

"संपलं?" त्यांनी विचारलं. "इतक्यात?"

वहिनींना मागे वळायचं होतं, पण वळल्या असत्या तर वेणी सुटली असती. म्हणून त्या पुढे बघूनच रडत राहिल्या.