तीन प्रतींचा मेळ

मारोतराव शहराबाहेर वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात हेडक्लार्क होते. नातलगांचे पत्ते त्यांनी तीन ठिकाणी लिहून ठेवले होते: नंदनवनच्या घरी कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या कागदावर, गोदामात टेबलाच्या काचेखाली आणि खिशातल्या डायरीत. शनिवारी ते डायरी काचेखालच्या कागदाशी ताडून पाहत, रविवारी कपाटावरच्या. दोन प्रती जुळल्या आणि तिसरी वेगळी निघाली, तर तिसरी चूक, हा त्यांचा नियम.

"तीन जागी लिहिता, एखादा डोक्यात बी ठेवा जी," त्यांची बायको जयवंताबाई म्हणायची.

त्या उन्हाळ्यात रायपूरहून लेकीचं, कौसल्याचं, पत्र आलं. तिनं घर बदललं होतं. जयवंताबाईनं नवा पत्ता कपाटावर स्वतःच्या हातानं लिहिला आणि जेवताना नवऱ्याला सांगितलंही. मारोतरावांचं डोकं ट्रकवाल्यांच्या संपात होतं. ते "हं" म्हणाले.

रविवारी घरच्या प्रतीत फरक निघाला. मारोतरावांनी पट्टी लावून बायकोचं अक्षर खोडलं आणि वर जुना पत्ता लिहिला. मेळ बसला.

पोळ्याच्या आदल्या सकाळी जयवंताबाई अंगणात कोसळली, ती उठलीच नाही. मारोतरावांनी डायरी पाहून तार केली. लेकीनं तोंड पाहिल्याशिवाय मयत उचलायची नाही, असं सगळ्यांना सांगितलं. बर्फ मागवला. दुसऱ्या दिवशीची दुपारची गाडीही येऊन गेली.

"किती थांबाचं गा, मारोतराव?" शेजारचे नत्थूजी हळूच म्हणाले. "बर्फ सरून राहिला."

"तार केली न. येते ते."

"मंग आली काहून नाही?"

तेवढ्यात तारघराचा शिपाई आला. त्या पत्त्यावर आता कौसल्या राहत नाही, असं रायपूरहून कळलं होतं. मारोतराव उठून कपाटापाशी गेले. खोडलेल्या रेघेखालचं अक्षर लागत होतं. त्यांनी ते एकदा वाचलं, दुसरी तार लिहून शिपायाच्या हाती दिली आणि नत्थूजींना म्हणाले, "उचला."

कौसल्या दुसऱ्या दिवशी आली. ओसरीवरच बसली.

"मले आधी काहून नाही कळवलं, बाबा?"

"तुह्या मायनं नवा पत्ता लिहिला होता. म्या खोडला."

तिनं आत जाऊन कपाटावरचा कागद पाहिला. मग म्हणाली, "माय कशी दिसत होती?"

मयत घरात होती तोवर मारोतराव सारा वेळ फाटकाकडेच तोंड करून बसले होते.

"चांगली," ते म्हणाले.