कमानीला तिवर

आगरदांड्याच्या जेटीवर भागोजीकाकांनी उभी हयात बोटींचे दोर बांधले. आता घरी बसलेत म्हणायचं, पण दिवस सगळा खाडीवर जातो. घरात भिंतीवर बाबासाहेब, त्यामुळे कायदा हा शब्दसुद्धा काका जपून उच्चारतात. मी जेटीवरचा चहावाला. खाडीतल्या सरकारी कांदळवनाला मी कधी चिखलापेक्षा जास्त किंमत दिली नव्हती. एकदा ऐन भरतीला काकांनी मला होडीतून आत नेलं. कांदळवनातली तिवराची झाडं गळ्यापर्यंत पाण्यात, आणि त्यांच्या फांद्यांखालून बोटाएवढ्या माशांची हजारो पिल्लं एकदम वळत होती. मी चहाची वेळ विसरून वाकून बघत बसलो, आणि ही आमच्या गावात बातमी असते.

याच जागेला लागून एका रिसॉर्टवाल्याला वॉटरपार्क काढायचा होता. कायद्याने तिवराची फांदीही तोडता येत नाही. म्हणून पठ्ठ्याने तोडलं काहीच नाही, कडेच्या झाडांवर सरळ मुरूम ओतला. वर म्हणे, इथे झाडं नव्हतीच! तक्रारी करून आमचे घसे बसले, तेव्हा कुठे वनखात्याच्या प्रणाली मॅडम पाहणीला यायच्या ठरल्या.

काका हरखून गेले. मोठा पाहुणा यायचा असला की आमच्याकडे वाटेवर हिरवी कमान उभारतात. काकांनी पहाटेच उभारली, तिवराच्या फांद्यांची! त्यांच्या लेखी खाडीवरचं सगळ्यात देखणं झाड तेच. आनंदाच्या भरात कायद्याचं भानच राहिलं नाही. आम्हीही शहाणे, खाली उभे राहून फोटो काढले.

मॅडम कमानीपाशी थबकल्या. "या फांद्या कोणी तोडल्या?"

रिसॉर्टचा मॅनेजर हसला. "बघा मॅडम, तोडतात गाववाले आणि नाव आमचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता खाडी गेलीच. 'वाऱ्याने पडल्या म्हणा' असं काकांच्या कानात सांगणार, तोवर ते पुढे झाले.

"मी तोडल्या, मॅडम. तुमच्या मानासाठी. चुकलं माझं. माझ्यावर केस करा."

मॅडमचा आवाज उतरला. "काका, कोर्टात खेपा घालाव्या लागतील. समज देऊन सोडते."

"न्हाय, सोडू नका. मला सोडलंत तर त्यांना पन सोडावं लागंल." काकांनी मुरुमाकडे हात केला. "फांदी तोडली तरी गुन्हा हाय ना? मंग माझं नाव लिवा. आनि त्या ढिगाखाली आख्खी झाडं गाडलीत, ती पन उकरून बघा."

जन्मात पोलीस चौकीची पायरी न चढलेला माणूस खाडीसाठी गुन्हेगार व्हायचा हट्ट धरून उभा होता.

मॅडमनी आधी काकांचं नाव लिहून घेतलं, मग जेसीबी मागवला. दुपारपर्यंत मुरुमाखालून एकामागून एक खोडं निघाली, मुळांसकट. मॅनेजर तोवर गाडीत जाऊन बसला होता.

केस काकांवरही झाली आणि रिसॉर्टवाल्यावरही. काकांची तारीख असली की मी टपरी बंद ठेवून त्यांच्यासोबत जातो. कोर्टात आरोपी म्हणून त्यांचं नाव पुकारतात आणि मान माझी ताठ होते.