युमिस नणंदेच्या शेतात

झेल्माने आयुष्यभर सायकलवरून टपाल वाटलं. गावातलं एकही कुत्रं तिच्यावर भुंकायचं नाही, कारण तिच्या खिशात चीजचा तुकडा असायचा. निवृत्त झाल्यावर तिने सायकल विकली नाही, आवाज खाली आणला नाही, आणि घरामागच्या शेतात जव पेरायचंही थांबवलं नाही.

या शेवटच्या गोष्टीवरून लेकीशी तिचं वाजायचं. लेक सार्मिते वाल्मिएरा शहरात एका दंतवैद्याकडे कामाला. कुणालाही 'आ करा' म्हणायची तिला सवय झाली होती.

"आई, त्या तुकड्यात पाइन लाव. झाडं आपली आपण वाढतात. तुझी पाठ तरी वाचेल."

"ज्या वर्षी युमिस घरात येणार नाही, त्या वर्षी लाव तुझे पाइन," झेल्मा म्हणाली. "तोवर पाठही माझी आणि शेतही माझं."

"शब्द लक्षात ठेव हं."

झेल्मा सहज बोलून गेली होती. युमिस तिला कधी चुकला नव्हता.

युमिस म्हणजे शेताचं सत्त्व. कापणी जशी पुढे सरकते, तसा तो उभ्या पिकात मागे मागे लपत जातो. म्हणून शेवटची एक मूठ कापायची नाही. शरद लागला, दिवस आणि रात्र सारखे झाले, की तिच्याभोवती बसायचं. काळा पाव, चीज आणि घरची बियर आधी त्याला द्यायची. गायचं. भरपूर दिलंस म्हणायचं. मग काही कणसं मातीला टेकवून दगडाखाली ठेवायची आणि उरलेली घरी न्यायची. वसंतात तेच दाणे बियाण्यात मिसळायचे. झालं. याहून जास्त त्यात काही नाही, आणि याहून कमी झेल्माला चालत नसे.

त्या वर्षी पाऊस हटेचना. कापणी लांबली, जव जमिनीवर लोळला. एकदाची उघडीप मिळाली तसा गावात सगळ्यांची कापणी करून देणारा गुंतिस हार्वेस्टर घेऊन आला आणि संध्याकाळच्या आत मोकळा झाला. खाली उतरला तो खुशीतच.

"मावशी, जमिनीला नाक लावून कापलंय. एक कणीस सोडलं नाही."

झेल्मा धसकटांत उभी होती. "मोठ्या दगडापाशी शेवटच्या मुठीला लाल लोकर बांधली होती मी."

गुंतिसने टोपी काढली. "लोळलेल्या जवात लोकर कुठे दिसणार?" तो यंत्राला वळसा घालून गेला आणि पात्यांतून एक चिंधी ओढून घेऊन आला. "ही तर नाही?"

"हीच."

"टाकीतून ओंजळभर काढून देऊ का? असेल त्यातच."

"युमिसला कोण गोणीत भरतं, रे? तो पळाला. तुझं ते धूड अंगावर आलं असतं तर मीसुद्धा पळाले असते."

"पळून पळून जाणार कुठे?"

दोघांनी एकदमच चराच्या पलीकडे पाहिलं. आसपास एकच शेत उभं होतं. ओतिलियाचा ओट.

गुंतिसने टोपी परत डोक्यावर घातली. "कठीण आहे," तो म्हणाला.

ओतिलिया झेल्माची नणंद. दोन वर्षांपूर्वी, युमिसच्याच दिवशी, ती चार लोकांत म्हणाली होती, "झेल्माची बियर बरी असते. तहान लागली की पाण्याऐवजी चालते." झेल्मा म्हणाली, "घोड्याचं खाणं पिकवणाऱ्यांनी बियरवर बोलू नये." तेव्हापासून बोलणं बंद. गाणंही मोडलं. या गाण्यात एकीने हाक द्यायची, दुसरीने ती वळवायची आणि बाकीच्यांनी खालचा सूर लांबवर ओढत राहायचं. हाक झेल्माची, वळवणं ओतिलियाचं. गेल्या वर्षी गुंतिसच्या बायकोने वळवलं. म्हणजे गाणं एका वाटेला गेलं आणि ती दुसऱ्या.

शनिवारी सार्मिते येणार होती. शुक्रवारी सकाळी झेल्माने टपालाच्या जुन्या पिशवीत पाव, चीज आणि बाटली भरली आणि सायकलवर टांग टाकली.

ओतिलिया कोंबड्यांना दाणे टाकत होती. "टपाल आहे?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही. माझा युमिस तुझ्याकडे आलाय."

"असं तो म्हणाला?"

"माझं सगळं कापून झालं. तुझंच शेत उभं आहे."

"इथे माझा आहे. त्यातून तुझा ओळखू कसा?"

"जो बियरकडे बघेल, तो माझा."

"तुझ्या बियरकडे? मग कुणीच नाही."

झेल्माने सायकल वळवली. अर्धी वळवली आणि थांबली. पाइनची रोपं तिला आत्ताच मनातल्या मनात घराच्या मागच्या खिडकीतून दिसायला लागली होती.

"या खेपेला माल्ट जास्त घातलंय," ती हॅंडलकडे बघत म्हणाली.

ओतिलियाने एप्रनला हात पुसले. "चाखल्याशिवाय काय सांगणार?"

दुपारी ओट कापायला गुंतिसच आला. या वेळी तो इतका जपून वागला, की खोलीएवढा चौकोन उभा ठेवला.

"एवढ्यात युमिसची सासुरवाडीसुद्धा मावेल," ओतिलिया म्हणाली. दोघींनी विळ्यांनी तो मुठीएवढा केला आणि गुंतिसला खाली बसवलं.

"मला गाता येत नाही, मावशी."

"गातंय कोण? नुसतं 'ए' म्हण आणि थांबू नकोस."

झेल्माने हाक दिली. ओतिलियाने ती उचलली आणि वळवली, जिथे वळायला हवी बरोब्बर तिथे. झेल्माच्या अंगावर काटा आला. गुंतिस लालबुंद होईपर्यंत 'ए' ओढत राहिला.

"गेल्या वर्षी काय केलंस?" गाणं संपल्यावर झेल्माने विचारलं.

"दगडाखाली पाव ठेवला आणि घरी गेले. हाक द्यायला कुणी नाही, तर वळवू काय?"

झेल्माने बियर मातीवर ओतली, नेहमीपेक्षा जास्त. ओतिलियाने ओटाची मूठ मधोमध दुभागली आणि अर्धी तिच्या पिशवीत खोचली.

शनिवारी सार्मिते आली, तेव्हा दारावर ओटाचं कडं टांगलेलं होतं.

"आई, हा ओट आहे. तू जव पेरतेस."

"वाट चुकून घोड्याच्या शेतात गेला होता. घरी आणला."

"हे चालतं?" तिने आत्याला विचारलं. आत्या टेबलाशी दुसरा ग्लास घेऊन बसली होती, हेच तिला आधी खरं वाटेना.

"चालतं," ओतिलिया म्हणाली. "बियर अजून पातळच आहे, पण युमिस चालतो."

"म्हणजे पाइन नाहीत."

"तुझ्या बाल्कनीत लाव," झेल्मा म्हणाली. "दंतवैद्याला सावली होईल."

वसंतात ओटाचे दाणे जवाच्या बियाण्यात गेले. उन्हाळ्यात जवाच्या रांगांतून ठिकठिकाणी ओटाचे झुबके मान वर काढून डुलायला लागले. कापणीला आलेल्या गुंतिसने ते पाहिले आणि तो यंत्र बंद करून खाली उतरला.

"लोकर कुठे बांधलीय, मावशी? आधी दाखव, मगच सुरू करतो."

झेल्मा शिडीवरून हार्वेस्टरवर चढली आणि लाल लोकर त्याच्या स्टिअरिंगला बांधली. "इथे तरी दिसेल तुला," ती म्हणाली.