नाव घालू नका म्हटलं होतं

"बाई, तुम्ही मला गप्प करायला आलात. हीच ती सेन्सॉरशिप!"

दादरच्या भरल्या सभेत, स्टेजवरून, माझ्याकडे बोट दाखवून ते लेखक म्हणाले. टाळ्या पडल्या. विषय होता बोलण्याचं स्वातंत्र्य. मी एवढंच विचारलं होतं, "माझ्या नवऱ्याचं नाव का छापलंत?"

गिरणीच्या संपात आमचे हे लालबागला गेटसभांत गाणी म्हणायचे. स्वतः रचलेली. भजनात तापलेला कोकणातला गळा. एका गाण्यात मंत्र्याची टर उडवली. पोलिसांनी उचललं. सोडलं तेव्हा तोंड सुजलेलं. वर ताकीद, परत गायचं नाही.

मग ते लेखक आले. राहायला शिवाजी पार्कला. अशा बंदीविरुद्ध पेपरात लिहायचे. आमच्या चटईवर बसले, कोरा चहा प्यायले. आमचे हे घरी नव्हते. मला वाटलं, कुणीतरी आपलं ऐकतंय. सगळं सांगितलं. कोठडीत मार खाताना ह्यांना लघवी झाली, तेसुद्धा. रडत रडत. म्हटलं, "नाव घालू नका, साहेब."

"छे, छे," म्हणाले.

रविवारी छापून आलं. नावासकट. चाळीच्या पत्त्यासकट. लघवीसकट.

हे गॅलरीत उभे होते. खालून कुणीतरी ओरडलं, "काय शाहीर, चड्डी सुकली काय?" हसले लोक. आपलेच लोक. हे आत आले, दार लावलं.

"तू सांगलंस?"

एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पोलिसांचा मार खाऊनही हा माणूस दुसऱ्या दिवशी गुणगुणत होता. त्या रविवारनंतर नाही. गेटसभेचं बोलावणं आलं की भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "सांग, घसो बसलो."

म्हणून मी दादरला गेले होते.

टाळ्या थांबल्या. अध्यक्ष म्हणाले, "विषयाला धरून बोला. बसा आता." एका कार्यकर्त्याने माझ्या हातातला माईक काढून घेतला. मी बसले नाही. तशीच बोलले.

"लेख बंद करा असं मी म्हणत नाही. लिहा. सरकारला धुवा. पण सरकारशी भांडलात तुम्ही, आणि त्यात नाव माझ्या नवऱ्याचं, लाज माझ्या नवऱ्याची. तुमचं काय होतं त्यात?"

लेखक पाणी प्यायले.

"पुढचा प्रश्न," अध्यक्ष म्हणाले.

गिरणी उघडली नाही. हे गावाला गेले. तिथेच वारले. शेवटपर्यंत गायले नाहीत. गाणी कुठे उतरवलेली नव्हती. मला तुटक ओळी आठवतात, चाल आठवत नाही.

आता गिरण्यांच्या जागी टॉवर उठले. अजून लोक येतात, टेप घेऊन, कॅमेरा घेऊन. आवाज नसलेल्यांचा आवाज व्हायचंय म्हणतात. आम्हाला आवाज होता. मी सुरुवातीलाच सांगते, लिहिलेलं आधी मला वाचून दाखवायचं. मी नको म्हणेन ते काढायचं. कुणी कुरकुरलं, स्वातंत्र्याचं काही बोललं, तर मी उठते. दार उघडते.

"जिना तिकडे आहे."